पढवलेली उत्तरं

"परत सांगा," सगुणा म्हणाली आणि सोललेल्या कोलंबीचं ताट तिने मांडीवरून खाली ठेवलं. "आज वार कंचा?"

काळुरामने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते तिने मुद्दाम उलटं करून टांगलं होतं.

"गुरुवार."

"तारीख?"

"बावीस."

"आन म्हयना?"

इथे गाडी अडली. काळुराम आपल्या बोटांकडे बघत बसला, जणू तिथे लिहिलेलं असावं.

"नोव्हेंबर," सगुणा म्हणाली. "किती येला सांगितला तुमाला? नोव्हेंबर."

"दिवालीचा म्हयना."

"दिवालीचा नाय बोलायचा. डाक्टरीनबाय काय लिवल कागदावर? नोव्हेंबर बोला."

"दिवालीच झाली ना पन आता?" तो म्हणाला, आणि खरं म्हणजे त्याचं काही चुकलेलं नव्हतं.

सगुणाने त्याच्या हातावर चापट मारली. मोठी नव्हती, कोलंबीच्या पाण्याने ओल्या हाताची होती. पण मारली हे खरं. काळुराम रागावला नाही. त्याने तो हात पुसला, दुसऱ्या काखेत दडवला आणि म्हणाला, "नोव्हेंबर."

त्या दिवशी सोमवार होता, तारीख एकोणीस. दवाखान्यातली परीक्षा गुरुवारी होती म्हणून सगुणाच्या घरात भाऊबीजेपासून रोज गुरुवारच चालला होता. जिभेवर एकदा बसलेलं बसलेलंच राहावं, ऐन वेळी घोळ नको, असा तिचा हिशेब. हात धुवायला ती मोरीवर गेली तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली तरी धडा थांबला नाही. परत येऊन तिने पुढचं विचारलं.

"तीन शब्द कंचं?"

"आंबा, छत्री, दोरी," काळुराम घडाघडा बोलला. हे मात्र तो झोपेतही सांगायचा.

काळुराम म्हणजे काही कुणी ऐरागैरा नव्हता. पेणच्या खाडीकाठी जी चार-सहा मिठागरं तग धरून होती, त्यांतल्या एकावर तो तीस वर्षं मुकादम होता. भरतीचं पाणी कधी चढेल, कधी उतरेल, बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, कधी काढायची, हे गाव पंचांगाला विचारत नसे, काळुरामला विचारत असे. रात्रीच्या अंधारातही बांधावरून डोळे मिटून चालणारा माणूस. आणि दोन वर्षांपूर्वी तोच भरदुपारी बांधावर उभा राहून आपलं घर कुठल्या बाजूला ते आठवत होता. मग चपला दुसऱ्याच्या घालून येणं झालं, जेवून उठल्यावर पुन्हा जेवायला बसणं झालं. त्यांचा मुलगा जनू नागोठण्याला कंपनीत शिफ्टवर असायचा आणि तिथेच राहायचा. त्याने सुट्टी टाकून बापाला पेणला एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. रोगाचं नाव त्याने आईला दोनदा सांगितलं, तिला ते दोन्ही वेळा नीट बोलता आलं नाही. "इसरायचा रोग," ती शेजारी सांगायची, आणि तेही विचारलं तरच.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई एका औषधाचा अभ्यास करत होत्या. ब्राह्मीतलं एक द्रव्य वेगळं काढून त्याच्या कॅप्सूल केल्या होत्या, आणि त्या तीस माणसांना सहा महिने देऊन बघायच्या होत्या. त्यांतही निम्म्या डब्यांत औषध आणि निम्म्यांत नुसतीच भुकटी. कुणाच्या डब्यात काय आहे हे खुद्द बाईंनाही ठाऊक नव्हतं. ते दूर कुठेतरी पाकिटात बंद होतं. बाईंनी हे सगळं सगुणाला समजावून सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती आणि अंगठ्याऐवजी सही केली होती.

"ही ब्राह्मी तुमच्याच खारात उगवते," बाई म्हणाल्या होत्या. "बांधाखाली, गोड्या पाण्याच्या डबक्याशी. पांढरी बारीक फुलं येतात बघा."

सगुणाने घरी येऊन हे शेजारच्या शकूला सांगितलं, तर शकू पोट धरून हसली. "त्यो पाला? आमची म्हस रोज खाते गो त्यो. तरी मेली सांच्याला घर चुकते."

औषधाआधी एक परीक्षा झाली आणि तिथेच सगळं बिघडलं. जुलै महिना होता, दवाखान्यातली वीज गेली होती, म्हणून दार उघडं टाकलं होतं. बाहेर बाकावर गावच्याच दोन बाया बसल्या होत्या. बाईंनी प्रेमाने विचारलं, आज वार कोणता, तर काळुराम गप्प. तालुका कोणता, गप्प. साल कोणतं, तर म्हणाला, "पासष्ट." बाहेरची एक बाई हसली. हसू दाबायला तिने तोंडाला पदर लावला असेल, पण हसली. काळुरामने दाराकडे पाहिलं आणि मग सगुणाकडे. बाईंनी कागदावर तीसपैकी तेरा असा आकडा लिहिला. सगुणाला अक्षरं फारशी येत नसली तरी आकडे येत होते. ज्याला विचारल्याशिवाय गाव खाडीत पाय घालत नव्हतं, त्याला तेरा. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि दोघांना पोटात घ्यावं.

घरी येताच तिने ठरवलं. आणि यात आपण काही पाप करतोय असं तिच्या मनाला शिवलंही नाही. सगुणाला बघायला काळुरामकडची माणसं आली होती तेव्हा तिच्या आत्याने तिला आठ दिवस पढवलं होतं. किती शिकली? चौथी, खरी दुसरीच होती. वय? सोळा. कालवं फोडता येतात का? येतात. उत्तरं पाठ, पदर डोक्यावर, नजर खाली. कोण नाही पढवत? पाहुण्यांसमोर घरची अब्रू घरच्यांनीच राखायची असते. प्रश्न पहिल्या दिवशी तिने ऐकलेलेच होते. आता नवऱ्याकडून उत्तरं घोटून घेतली की झालं.

सोपं नव्हतं ते. सकाळी दात घासताना, जेवताना, संध्याकाळी ओट्यावर, महिनाभर ती मागे लागली होती. पाण्यावर रेघ मारावी तशातली गत. पण रेघा हजार मारल्या की पाणीसुद्धा दमत असावं. ऑगस्टमध्ये त्याला अठरा मिळाले.

सप्टेंबरमध्ये तर गंमतच झाली. बाई म्हणाल्या, "आता मी तुम्हाला तीन शब्द सांगते हां," आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत काळुराम म्हणाला, "आंबा, छत्री, दोरी." सगुणाने त्याचा हात दाबला. आता पकडलं. पण बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी शेजारच्या खोलीतून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

"गेल्या महिन्यातले शब्द लक्षात आहेत यांच्या," बाई सांगत होत्या. "एक महिना. विचार करा."

काळुरामला काय झालं ते कळलं नाही, पण सगळे खूश आहेत हे कळलं, म्हणून तोही हसला. त्या दिवशी एकवीस. ऑक्टोबरात तेवीस. बाहेर बाकावर आता कुणी हसत नव्हतं. उलट बाया सगुणाला जागा करून द्यायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सगुणाची मूठ तर दर महिन्याला भाव खात होती.

काळुरामला गुण आला, ही बातमी पेणहून रोह्याला पोचायला वेळ लागला नाही. रोह्याजवळ वरशात सगुणाचा धाकटा भाऊ केरू राहत होता. धाटावच्या कंपनीतून रिटायर झालेला, चार वर्षांनी लहान, आणि त्यालाही हेच दुखणं लागलेलं. त्याला मुंबईच्या एका डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. गणपतीनंतर त्याची बायको हौसा मुद्दाम बघायला आली. काळुरामने तिच्यासमोर साल, महिना, तालुका, जिल्हा सगळं म्हणून दाखवलं. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वन्सं, माला द्या त्यो पाला," ती म्हणाली.

सगुणाने दिला. स्वतः बांधाखाली उतरून, चिखलात गुडघाभर जाऊन पिशवी भरून ब्राह्मी काढली. निघताना हौसाने विचारलं, "त्या गोल्या बंद करू का मंग? दोन औषदा पोटात भांडतात म्हनं."

तेव्हा एक शब्द पुरला असता. सगुणा म्हणाली, "माला काय कलतंय त्यातला? तुजा तू बग." हे बोलताना तिने पिशवीच्या तोंडाला गाठ मारायचं निमित्त काढलं होतं. हौसाने त्याचा अर्थ 'कर बंद' असा घेतला, आणि तसा तो घेतला जाणार हे सगुणाला गाठ मारतानाच माहीत होतं.

भाऊबीजेला केरू आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. हौसाने फोनवर ताप आहे सांगितलं होतं. सगुणा मनातून रुसली होती. तापात असला तरी जीपने तासाभरात येता येत नाही होय, असं शकूला बोलूनही दाखवलं होतं. आता सोमवारी धडा संपवून ती कोलंबी चुलीवर टाकते तोच हौसाचा फोन आला.

"वन्सं, सनाचा तुमाला घोर नको म्हनून बोलली नाय," हौसा म्हणाली. "ताप नव्हता. भाऊबीजेला सकाली ते आंगोल करून, नवा शर्ट घालून, नारलाची पिशी घेऊन एकलंच निंगालं. माला वाटला मागच्या दारी हायेत. दुपारी कोलाडवरशी फोन इला."

"कोलाड?" सगुणा म्हणाली. "कोलाड कशाला? त्ये उलट्या बाजूला."

"उलट्याच गाडीत बसलं. हायवेच्या हाटेलात चार तास बसून व्हतं. हाटेलवाला बोलला, कोन यायचा हाय का तुमचा? तर बोलं, भयनीचा गाव येल ना आता."

सगुणाने कोलंबी विस्तवावरून उतरवली. नंतर ती कुणी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी ती काळुरामला घेऊन वरशाला गेली. नागोठण्याला गाडी बदलताना त्याचा हात तिने घट्ट धरला होता. केरू ओटीवर खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. दिवाळीआधी पाहिलेला भाऊ हा नव्हता. बहिणीला पाहून तो उठला, हसला, "या, या," म्हणाला, आणि तिला बसायला सांगून स्वतः उभाच राहिला. आपण कुणाशी बोलतोय हे त्याला कळलं की नाही, ते विचारायची सगुणाची छाती झाली नाही. तिने आणलेले लाडू त्याच्या हातावर ठेवले. काळुराम त्याच्या शेजारी जाऊन बसला. दोघे मेहुणे रस्त्याकडे बघत, एकमेकांना काही न विचारता लाडू खात राहिले.

हौसाने सगुणाला आत नेलं. फळीवर मिक्सरच्या भांड्यात हिरवा रस होता.

"रोज देते," हौसा म्हणाली. "एक दिस चुकवला नाय. तुमच्या औषदात आन माझ्यात काय फरक गो वन्सं? काय पथ्य असल तर सांगा. मासली बंद करू का? उपास करू का? तुमी काय केलाव?"

सगुणाने भांड्यावर झाकण ठेवलं. खरं जिभेपर्यंत आलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"आनशापोटी द्यायचा," ती म्हणाली. "चा घ्यायच्या आदी."

"चा घ्यायच्या आदी," हौसाने पाठ केल्यासारखं म्हटलं आणि मान हलवली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती ओटीवर गेली आणि काळुरामसमोर उकिडवी बसली. "दाजी, आज वार कंचा?"

"गुरुवार," काळुराम तत्काळ म्हणाला. "बावीस नोव्हेंबर, दोन हजार बारा. तालुका पेन, जिल्हा रायगड. आंबा, छत्री, दोरी."

हौसाने मागे वळून आत पाहिलं. आत भिंतीवर कॅलेंडर होतं, ते उलटं नव्हतं.

"आज मंगलवार हाय ना?" ती म्हणाली. काळुरामला नाही, सगुणाला.

"चुकतं कदी कदी," सगुणा पुटपुटली.

हौसाने तिच्याकडे पाहिलं. तिने काही विचारलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तरी चाललं असतं. ती फक्त उठली, चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "चा घेऊनच जावा." परतीच्या गाडीत सगुणाला खिडकीतून काही दिसलं नाही. नवा शर्ट घालून हायवेच्या हॉटेलात बसलेला भाऊ तेवढा दिसत होता.

गुरुवार उजाडला, खरा गुरुवार. दवाखान्यात बाईंनी कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. काळुराम ताठ बसला होता, वर्गात हात वर करायला टपलेल्या पोरासारखा.

"मॅडम, नका इचारू," सगुणा म्हणाली.

"का? बरं नाही का त्यांना?"

"त्यांना कायपन आटवत नाय. मी शिकवलाय त्यांना. समदा."

बाईंना आधी कळलंच नाही. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. कॅलेंडर उलटं केलेलं, भाऊबीजेपासूनचा गुरुवार, तीन शब्द, शंभरातून सात वजा केल्यावर काय उरतं ते पाढ्यासारखं घोटून घेतलेलं, सगळं सांगितलं. केरूचंही सांगितलं. हातावरची चापटसुद्धा सांगितली, तेव्हा तिचा आवाज इतका खाली गेला होता की बाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं. काळुराम मधेच एकदा "आंबा, छत्री" असं म्हणाला आणि कुणी लक्ष देत नाही बघून गप्प बसला.

"किती वेळा?" बाईंनी विचारलं.

"पयली परीक्षा सोडून दर टायमाला."

"आणि कॅप्सूल? त्या दिल्यात?"

"त्या दिल्या. तुमच्या पायाची आन, एक नाय चुकवली."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ त्या जुने कागद चाळत होत्या. तेरा, अठरा, एकवीस, तेवीस.

"शब्द मी दर वेळी बदलायला हवे होते," शेवटी त्या म्हणाल्या. "ते माझं चुकलं. मला ते इतकं हवं होतं ना, की मी बघितलंच नाही." मग म्हणाल्या, "गेल्या महिन्यात पुण्याला एका बैठकीत मी यांचा तक्ता सगळ्यांना दाखवला. नाव नव्हतं, नुसता नंबर. सतरा नंबर. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

सगुणाला वाटलं, बाईंनी हाकलून द्यावं. त्याने बरं वाटलं असतं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सतरा नंबरच्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि तारीख टाकून सही केली.

"औषध निकामी असेल असं नाही," त्या म्हणाल्या. "चांगलंही असेल. पण तीसजणांत एक असा निघाला, की बाकीच्या एकोणतीस जणांकडे मी आता शंकेने बघणार. त्यांच्या घरचे खरं बोलत असले तरीही."

"आन माझा भाव, केरू?"

"त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जायला सांगा. आजच. गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात. त्यामुळेच वाढलं की वाढणारच होतं, हे मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार."

सगुणाला हे उत्तर फार जड गेलं. दोष पुरता पदरात पडला असता तर उचलून नेता आला असता. ती उठली. काळुरामचा हात धरून दाराशी पोचली तेव्हा बाईंनी मागून विचारलं, "बाकी घरात कसे असतात? तुम्हाला ओळखतात ना ते?"

"घरच्या मानसाला नाय वलकनार तर कोनाला वलकतील?" सगुणा म्हणाली. एवढ्या लाजेतही तिला त्या प्रश्नाचा थोडा राग आला.

दवाखान्याच्या पायरीवरूनच तिने हौसाला फोन लावला. इकडचं तिकडचं काही बोलली नाही. "हौसा, त्या मुंबईच्या गोल्या सुरू कर. आन त्यांना डाक्टरला दाखव. ह्यांना गुन-बिन कायपन इला नाय. मी खोटा बोलली."

पलीकडे मिक्सरचा किंवा कसला तरी आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"मंगलवारीच केल्या सुरू," हौसा म्हणाली. "तुमी फाटकातून भायर पडलाव ना, तवाच." आणि तिने फोन ठेवला.

पेणच्या एसटी स्टँडवर गर्दी कमी होती. गावाकडची गाडी सुटायला अजून पाऊण तास होता. सगुणाने काळुरामला एका बाकावर बसवलं, फलाटाची चौकशी करून आली आणि क्षणभर त्याच्यासमोर नुसतीच उभी राहिली. आता त्याला काही विचारायचं नव्हतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच असं झालं होतं, आणि त्याच्याशी दुसरं काय बोलायचं ते तिला चटकन सुचेना.

काळुरामने तिच्याकडे पाहिलं. मग बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडा पलीकडे सरकला.

"बसा," तो म्हणाला. "जागा हाय."

सगुणा बसली.

"तुमी कंच्या गावच्या?"

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला 'तुमी' कधी म्हटलं नव्हतं. 'ए', 'ऐकलास का', 'गो', नाहीतर नुसताच घसा खाकरायचा. थट्टा करतोय का, म्हणून तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. परक्या बाईशी बोलावं तसं, मान राखून, जरा दुसरीकडे बघत तो बोलत होता. सगळे प्रश्न तिने त्याच्याकडून घोटून घेतले होते. हा एक बाईंच्या कागदावर नव्हता, म्हणून तिने तो कधी विचारलाच नव्हता. आणि कुठली बायको नवऱ्याला विचारते, मी कोण?

"हितलीच," ती म्हणाली.

"मी खारातला. मिठागरावर मुकादम हाय." मग आजूबाजूला बघून त्याने आवाज खाली आणला. "आमच्याकडं एक बाय येते. शिकवाया."

सगुणाने पदराचं टोक मुठीत धरलं.

"रोज येते. सकाल नाय, सांज नाय. माला येत नाय ना समदा. चुकला का हातावर मारते." त्याने आपला उजवा हात वर करून तिला दाखवला. तिथे काहीही नव्हतं.

"घरच्यांना सांगायचा ना मंग," सगुणा म्हणाली. आपला आवाज आपल्याला ऐकू येतोय याचंच तिला नवल वाटलं.

"आमची ही घरी नाय. दिवालीला म्हायेरी गेलीय, रोह्याला. ती आली का सांगनार हाय." तो पहिल्यांदाच हसला, आणि ते हसू जुनं होतं, मुकादमाचं. "मंग बगा. आमच्या हीच्या तोंडाला लागल अशी बाय अजून जन्माला यायचीय."

समोर एक गाडी आली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. सगुणाला रडता आलं असतं, पण शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने असं एकदम रडायचं म्हणजे तो घाबरला असता.

"ती बाय आता येनार नाय," ती म्हणाली.

"कशावरशी?"

"मी सांगितला तिला. परत येव नको म्हनून."

काळुरामने यावर विचार केला. त्याचं कपाळ आक्रसलं, ओठ हलले. मग तो हळूच म्हणाला, "वाईट वाटला असल तिला."

"व्हय," सगुणा म्हणाली. "लय वाटला."